मास्तरच्या शिशीतल्या पोरी

घर भाड्यानं मागाले माणूस येते तवा पाण्याचं इचारते, लाइटीचं इचारते. ह्यानं मले इचारलं, "तुमच्या घरात पाली किती आहेत?"

मी म्हतलं, "असतील चार-पाच. काहून?"

"जास्त आहेत," म्हणाला, अन् तरी सामान उतरवाले लागला.

सामान म्हणजे एक वळकटी, एक पत्र्याची पेटी, एक सूक्ष्मदर्शक, अन् बोटाएवळ्या काचेच्या नळ्यांनी भरलेलं एक लाकडी खोकं. हे खोकं त्यानं रिक्षातून मांडीवर आणलं. पेटी रिक्षावाल्यानं आदळली, तिच्याकडं पाह्यलंसुद्धा नाई. दूरच्या कोणत्या तरी शाळेतून रिटायर झालेला विज्ञानाचा मास्तर. बायको वारलेली, पोरगा परदेशात. शिरपुरात ना नातं ना ओळख. इथं कायले आले म्हणून इचारलं, तर म्हणे, मागं एकदा पाहुण्यांसंगं इथल्या जैन देवळात आलो होतो, परत जाताना तुमच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, तुरीवर एक अंडं दिसलं, काळं पडलेलं.

अंड्यासाठी बिऱ्हाड हलवणारा माणूस मी जल्मात पाह्यला नवता. माझ्या घराची समोरची खोली मालेगावच्या रोडकडं तोंड करून हाये. ती त्याले देल्ली, अन् दोन वर्षं माझ्या घरावर माझा हक्क राह्यला नाई.

मी चौथी शिकलेलो. त्याचा मले कमीपणा नाई. तुरीवरची घाटेअळी मले कोणी शिकवाची गरज नाई. पतंग कोवळ्या शेंगेवर अंडं घालते, खसखशीच्या दाण्याएवळं. त्यातून अळी निंगते अन् शेंगा पोखरते. हे मी मास्तरले सांगतलं. तर म्हणे, बरोबर, पण त्या अंड्यात आणखी कोणीतरी अंडं घालतं.

"कोण?"

"गांधीलमाशीच्या कुळातली एक माशी."

गांधीलमाशी म्हतल्यावर मले वाड्यातल्या पोळ्यावरची बोटाएवळी माशी दिसली. ते खसखशीत कशी मावन? मी हासलो. त्यानं एक नळी माझ्या डोळ्यापुळं धरली. मले काई दिसलं नाई. मंग भिंग देल्लं. तवा धुळीचे चार कण चालताना दिसले. मोहरीच्या एका दाण्यावर तीन-चार जणी आरामात झोपतील, एवळ्या उलुशा. सरकारी माणसं कार्डावर अंडी चिकटवून वावरात लावाले देतात ना, ट्रायकोकार्ड म्हणतात त्याले, त्यातली माशी हिच्याच भावकीतली.

मास्तर सांगे, मादी पतंगाच्या अंड्यावर चढते, मिशांनी ठोकून ठोकून पाहते, आपल्या मापाचं हाये का. मंग मागची सुई आत खुपसते अन् आपलं अंडं ठेवते. तीन-चार दिसांत पतंगाचं अंडं काळं पडते. आठ-दहा दिसांनी त्याले भोक पाडून अळीच्या ऐवजी माशी निंगते.

"म्हणजे दुसऱ्याच्या घरात राह्याचं अन् घरमालकालेच खायाचं," मी म्हतलं.

"हो, अगदी बरोबर. तुम्हाला लवकर समजलं," म्हणाला.

टोमणा ह्या माणसाले कळत नाई, असं मी त्याच दिशी ठरवून टाकलं.

त्याचे एकेक नखरे. नळ्यांजवळ असला की मान वळवून श्वास सोडे. खोकं जमिनीवर ठेवत नवता. माझ्या छताच्या बल्लीले तार बांधून लोंबत ठेवलं, अन् पाली-मुंग्या उतरू नये म्हणून तारेले एरंडीचं तेल. घरात अगरबत्ती बंद, डासाची कॉइल बंद. आमची बुढी पन्नास वर्षं देवाले ऊदबत्ती लावते, तिले त्यानं सांगतलं, "वहिनी, धुरानं माशा मरतील." बुढीनं देव उचलून मागच्या ओसरीत नेले. मी म्हतलं, "तू त्याचं कायले ऐकतं?" तर म्हणे, "अजी, देव काई मरून नाई राह्यले धुरानं. थे मरतात."

वावरात गेला की तुरीच्या ओळींमधी पोटावर पालथा पडे अन् तासभर हलत नसे. एकडाव उकंडा नावाच्या आमच्या शेजाऱ्यानं धुऱ्यावरून पाह्यलं अन् गावात बोंब केली, मास्तरले पान लागलं. साप चावल्याले आमी पान लागलं म्हणतो. दहा-बारा माणसं बाज घेऊन धावत गेलो. बाजेवर टाकाले उचललं, तर मास्तर आमच्यावरच खेकसला, "अहो, ती आत्ता सुई खुपसत होती." आमी बाज घेऊन परत आलो. रस्त्यात कोण मेलं म्हणून दोघा-तिघांनी इचारलं.

पण सगळ्यात जास्त त्यानं माझी इज्जत काढली ते ज्वारीपायी. माशीले रोज ताजी अंडी लागत, अन् तुरीवर ती तर वर्षातले तीन महिनेच. मंग हा गडी घरातच पतंग पाळे, ज्वारीत जाळी करणारा बारका पतंग. त्यासाठी त्याले किडलेली ज्वारी पाह्यजे. गेला देवळाजवळच्या शेठजीच्या दुकानात अन् चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "शेठजी, तुमच्याकडची सगळ्यात किडकी ज्वारी द्या."

शेठजी शांत माणूस. म्हणाले, "मास्तर, माह्या बापाच्या वेळपासून दुकान हाये. किडकी ज्वारी इथं राहत नाई. अन् राह्यली तं मी तुमाले देईन का, तुमी तिच्यातले जीव मारणार."

"मारत नाही, पाळतो."

"पाळून काय करता?"

"त्यांची अंडी माशीला देतो."

"अन् माशी काय करते?"

मास्तर खरं बोलणारा माणूस. त्यानं सगळं सांगतलं. शेठजीनं हात जोडले अन् गिऱ्हाइकाकडं तोंड केलं.

तिकून आला तो सरळ माझ्या कोठीच्या खोलीत घुसला. मी ज्वारीत लिंबाचा पाला टाकतो, उन्ह दाखवतो, माझ्या दाण्याले कीड लागली असं गावात कोणी म्हणू शकत नाई. ह्यानं कणगीत हात घातला, मूठभर नाकाजवळ नेली, अन् डोळे मिटून म्हणाला, "दादाजी, तुमच्याकडे उत्तम कीड आहे."

ओसरीवर उकंडा बसला होता. त्यानं ऐकलं. मंग गावात पंधरा दिवस मले कोणीबी भेटलं की पहिले किडीचं इचारे.

आता नराची गोष्ट. मास्तरच्या नळ्यांत पिढीमागून पिढी निंगे, अन् सगळ्या माद्या. तो रोज सकाळी सूक्ष्मदर्शकात पाहे. नराच्या मिशा केसाळ, मादीच्या शेंड्याले गदेसारख्या, येवळाच फरक. पाहून झालं की उठे अन् खिडकीतून रोडकडं पाहत म्हणे, "आजही सगळ्या मुलीच." रोज, मोठ्यानं. खिडकीखाली नळावर गल्लीतल्या बाया पाणी भरत. त्यांनी महिनाभर हे ऐकलं. एक दिवस चार-पाच जणी मिळून आल्या. पुढं उकंडाची माय, ऐंशीची बुढी. मास्तरसमोर बसली अन् म्हणे, "मास्तर, मनाले लावून घेऊ नका. पोरीबी सांभाळतात मायबापाले. ह्या दादाजीच्याच पाहा, तीनही कशा येतात-जातात."

मास्तर म्हणाला, "मला एक तरी मुलगा हवा आहे हो. एकानं भागेल."

"पण सूनबाई किती डाव बाळंत होईन? तिच्या जिवाचा इचार करा."

"ती दर दहा दिवसांनी होते. एकेकीला साठ-सत्तर."

बाया उठून गेल्या. नळावर गेल्यावर काय बोलल्या ते बुढीनं मले सांगतलं नाई, पण हासून हासून तिचा पदर ओला झाला होता.

मले हासू आलं नाई. मले तीन पोरी हायेत अन् पोरगा नाई. पोरी चांगल्या. मोठी कारंज्याले, मधली मालेगावले मास्तरीण, धाकटी रिसोडले. पण गावात माणसाचं नाव पोरानंच चालते हे मले माहीत हाये, अन् ते मले कोणी ओसरीवर बसून सांगाची गरज नाई.

अन् तेच झालं. चैत्राचे दिवस होते. मास्तर, मी, उकंडा, तिघं ओसरीवर. उकंडा सहज म्हणाला, "मास्तर, येवळं करून राह्यले, पण तुमच्या माशीचं नाव तं सांगा."

"नाव नाही अजून. माझ्या अंदाजानं ही जात कोणाला माहीतच नाही. पण नर मिळाल्याशिवाय नाव ठेवता येत नाही. या कुळातल्या माद्या सगळ्या सारख्या दिसतात. जात ओळखायची ती नराच्या इंद्रियावरून."

उकंडानं माझ्याकडं पाह्यलं. "ऐकलं का दादाजी? नर नाई तं नाव नाई. शास्त्रातबी तसंच हाये."

मास्तर आपला बोलतच होता. "तशी माशीचं काही अडत नाही. नराशिवाय तिच्या कितीतरी पिढ्या गेल्या असतील. अडलंय ते माझं. डोळ्यांचा डॉक्टर म्हणतो, मागचा पडदा जातोय, पुढच्या दिवाळीपर्यंत बारीक काही दिसणार नाही. तुरीचा हंगाम गेला, आता या नळ्यांत आहेत तेवढ्याच. यांच्यातच नर मिळाला तर मिळाला."

हे त्यानं सांगतलं खरं, पण माझ्या कानात उकंडाचंच बोलणं घुमत होतं. मी उठून आत गेलो. बुढीनं इचारलं, काय झालं. मी म्हतलं, "काई नाई. भाडेकरू घरात बसून मले बिनवारशाचा ठरवून राह्यला."

"थो माशीचं बोलून राह्यला."

"तुले काय समजते."

दुसऱ्या दिशी मास्तर डोळे दाखवाले अकोल्याले गेला. सहा दिवस लागणार होते. जाताना मले दोनदा सांगतलं, कुलर चालू ठेवा, टाकीत पाणी टाका, नळ्यांना थंडावा लागतो. अन् किल्ली माझ्या हातात देल्ली.

मी कुलर बंद केला. तारेवरचं खोकं काढलं अन् कोठीच्या खोलीत ज्वारीच्या कणगीवर नेऊन ठेवलं. त्या खोलीले खिडकी नाई. चैत्र-वैशाखात आत गेलं की कपाळावरून पाणी वाहते. किडे मारतो असं मी मनात म्हतलं नाई. ज्याची जागा त्याले दाखवतो, असं म्हतलं. राग आला की माणसाले नेमकं बोलता येते, त्यातली ही गत.

सहा दिसांनी मास्तर आला. खोकं जागेवर नाई म्हतल्यावर पायातली वहाण न काढता घरभर हिंडला. मी सांगतलं, "कुलर गळत होता. पाणी खोक्यावर पडलं असतं म्हणून आत ठेवलं." पुढं मीच दार उघडून देल्लं.

त्यानं खोकं उचलून आणलं अन् दिवसभर एक-एक नळी पाहत बसला. मी ओसरीवरून ऐकत होतो. तो मोजत नवता, नळी पाहे अन् बाजूले ठेवे, काचेवर काच लागल्याचा आवाज येई. तिसऱ्या पहारी बाहेर आला. म्हणाला, "चाळीस नळ्यांतल्या तीनच जिवंत आहेत."

अजून काई बोलन, म्हणून मी थांबलो. तो आत गेला.

मले माणसानं चार शिव्या देल्ल्या असत्या तर मी दहा देल्ल्या असत्या अन् हिशेब मिटला असता. हा माणूस तसं करत नवता. मी दुसऱ्या दिशीपासून कुलरच्या टाकीत सकाळ-दुपार पाणी स्वतः टाकाले लागलो. बुढी पाहे अन् तोंड फिरवून घेई. मी तिले म्हतलं, "घर माझं हाये, कुलर माझा हाये, पाणी मीच टाकणार."

दहा-बारा दिवस गेले. एक दिवस सकाळी मास्तर खिडकीत आला नाई. बाया नळावर वाट पाहून गेल्या. मी दारातून डोकावलो. तो सूक्ष्मदर्शकाले डोळा लावून बसला होता.

"दादाजी," म्हणाला, हळू, श्वास बाजूले सोडून, "मुलगा झाला."

मी पाह्यलं. मले काय समजणार? पण मिशा केसाळ होत्या. येवळं मले दिसलं, अन् मी ते मान्य करतो. तीन नळ्यांत मिळून पाच नर होते, त्यातले चार अर्धवट पंखाचे, मरायले टेकलेले. धड एकच.

बुढीनं गल्लीत साखर वाटली. उकंडाची माय म्हणे, "मी म्हणतच होती, देव एवळा दुष्ट नाई." उकंडा मले येऊन म्हणाला, "घ्या, तुमच्या घरात नर आला." त्याले मी काय म्हतलं ते लिहाले नको.

पुढचं काम कठीण होतं. तो नर काचेच्या पट्टीवर औषधाच्या थेंबात ठेवून, वरून दुसरी काच बसवाची, तीबी अशी की त्याचं इंद्रिय वर दिसलं पाह्यजे. शिंक आली, पंखा फिरला, दार आपटलं, की गेला. मास्तरनं बारा वाजता कुलर बंद केला, खिडकी लावली अन् म्हणाला, "दोन तास कोणी येऊ देऊ नका."

मी दारात बाज टाकून बसलो. वैशाखाचं उन्ह. पहिले उकंडा आला, त्याले हाकललं. लाइट बिलवाला आला, त्याले हाकललं. देवळाचे पाहुणे रस्ता इचाराले आले, त्याइले बोटानं दाखवला. धाकटी रिसोडवरून लेकरं घेऊन अचानक आली. तिले म्हतलं, मागच्या दारानं जा अन् मोठ्यानं बोलू नको. ती म्हणे, "बाबा, आत कोण आजारी हाये?" दोन तासाचे साडेतीन झाले. आतून काईच आवाज नाई. माझा सदरा पाठीले चिकटला, तहान लागली, पण मी हललो नाई. मंग दार उघडलं. मास्तर घामानं भिजलेला, एका डोळ्यातून पाणी वाहत होतं.

"बसला," म्हणाला, अन् दारातच बसून घेतलं.

त्यानं त्याचं चित्र काढलं, एका डोळ्यानं. दुसरा तवापर्यंत गेलाच होता. सकाळी उजेड चांगला असला की तासभर, मंग डोळा झोंबे. महिना लागला. बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून ते सगळं दूर कोणत्या तरी मोठ्या साहेबाले पाठवलं. त्याचं उत्तर आलं, ते मास्तरनं मले सांगतलं. म्हणे ह्या माद्यांच्या पोटात एक जिवाणू राहते, तो नर होऊच देत नाई. उष्णतेनं तो मरते, मंग नर होतात. आपण थंडाव्यात ठेवून चूक करत होतो.

"म्हणजे नर माझ्या कोठीनं देल्ला," मी म्हतलं.

"हो," म्हणाला.

"अन् जात नवी हाये?"

"नवी आहे. आता नाव ठेवू."

मी इचारलं नाई कोणाचं. पण पानठेल्यावर सांगून आलो की नावात आमचं काई ना काई येणार. नर माझ्या घरातला, तूर माझ्या वावरातली. उकंडा हासला तरी मी सांगतलं.

दिवाळी झाली. मास्तरचा दुसराबी डोळा गेल्यासारखाच झाला. भिंत दिसे, माणूस दिसे, अक्षर दिसत नवतं. तुरीले फुलं आली तवा पोस्टानं छापलेला कागद आला. त्याले वाचता येईना, मले इंग्रजी येत नाई. मालेगावची पोरगी आलेली होती. ती ओसरीवर वाचाले बसली. मी, बुढी, मास्तर ऐकाले.

शिरपूर, जिल्हा वाशीम, असं छापलेलं होतं, ते तिनं दोनदा वाचलं. मंग माशीचं नाव वाचलं. लांबलचक, लॅटिन.

"ह्यात माझं नाव कुठं हाये?" मी म्हतलं.

"नाव नाही तुमचं. स्वभाव आहे," मास्तर म्हणाला. "वाच बेटा, पुढे लिहिलंय, नाव कशावरून ठेवलं ते."

पोरगी वाचाले लागली अन् मधीच थांबली. पदर तोंडाले लावला. बुढी म्हणे, "सांग ना वं."

"बाबा, ह्याचा अर्थ तापट." अन् मंग तिनं पुढचं मराठीत सांगतलं. घरमालकानं एकदा रागाच्या भरात ह्या माशा उष्ण खोलीत नेऊन ठेवल्या, त्यामुळंच जगात पहिल्यांदा हिचा नर मिळाला. म्हणून हे नाव त्यांच्या रागाले, आभारासह.

मी मास्तरकडं पाह्यलं. त्याले मी दिसत नवतो, पण त्याचं तोंड माझ्याकडंच होतं.

"तुमाले माहीत होतं?"

"त्याच दिवशी. टाकी कोरडी होती, दादाजी. कुलर गळणार कुठून?"

"मंग तवाच काहून नाई बोलले?"

"तुम्ही दुसऱ्या दिवशीपासून पाणी भरायला लागलात. तेव्हा काय बोलणार?"

मले राग आला. येवळ्या दिवस हा माणूस गप बसला, अन् बोलला तो इंग्रजीत, छापून, जगाले सांगून. मी म्हतलं, "हे खोडा. दुसरं ठेवा. शांत ठेवा, समजदार ठेवा, काईबी ठेवा. मी काई तापट नाई." आवाज उकंडाच्या घरापर्यंत गेला असन, कारण तो बाहेर आला.

मास्तरनं कागद पोरीच्या हातातून घेतला, चाचपडत घडी घातली अन् माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"नाव एकदा छापलं की ते कोणालाच बदलता येत नाही," म्हणाला. "मलासुद्धा नाही. आपण दोघं गेल्यावरही नाही."

"मंग छापाच्या पहिले इचाराचं होतं," मी म्हतलं, अन् उकंडाले हाक मारली, की ये, वर ये, काय लिवलं ते पोरगी वाचून दाखवते.